नकाशातला शंकू आणि आपलं गाव

अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं की दोन-तीन दिवस सगळ्यांच्या मोबाईलवर एकच चित्र फिरत असतं. समुद्रात वादळाचा ठिपका, तिथून किनाऱ्याकडे निघालेली रेषा आणि त्या रेषेच्या दोन्ही अंगांना पुढे पुढे रुंदावत गेलेला पट्टा. चित्र आलं की आपण आधी आपलं गाव शोधतो. गाव पट्ट्यात सापडलं तर जीव धास्तावतो, बाहेर निघालं तर हायसं वाटतं. पट्ट्यात असूनही रेषेपासून लांब असलं तर 'आपल्याकडे नाही येत, खाली चाललंय' असं शेजाऱ्याला सांगून आपण कामाला लागतो.

हे चित्र असं वाचायचं नसतं. पण तसं वाचलं जातं यात वाचणाऱ्याचा दोष नाही, हे आधीच सांगतो. शिकलेली, नकाशांची सवय असलेली माणसंही ते असंच वाचतात. डोळा आणि मेंदू आलेखातून, नकाशातून अर्थ कसा काढतात याचा प्रयोग करून अभ्यास गेली चाळीसेक वर्षं चालू आहे. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी तर वादळाच्या याच चित्रावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यातून जे हाती लागलं ते आपल्या किनाऱ्यावरच्या घराघरात पोचायला हवं, असं मला फार वाटतं. कारण या चित्राकडे बघून आपण होडी काढायची की नाही, म्हातारी आई एकटी राहते तिला हलवायचं की नाही, हे ठरवत असतो.

आधी तो पट्टा म्हणजे काय ते पाहू. उद्या सकाळी, उद्या रात्री, परवा वादळाचं केंद्र कुठे असेल याचा अंदाज हवामान खातं देतं. अंदाज चुकतात, आणि ते किती चुकतात याची नोंदही खातं ठेवतं. चोवीस तासांपुढचा अंदाज थोडा चुकतो, अठ्ठेचाळीस तासांपुढचा त्याहून जास्त, बहात्तर तासांपुढचा आणखी. मागच्या काही वर्षांतल्या या चुकांवरून प्रत्येक वेळेच्या अंदाजाभोवती एक वर्तुळ काढतात. जवळच्या वेळेचं लहान, लांबच्या वेळेचं मोठं. ही वर्तुळं कडेने जोडली की शंकू तयार होतो. पुढचं नीट सांगता येत नाही, म्हणून तो पुढे रुंद होतो. वादळ किती मोठं आहे याबद्दल तो एक अक्षर सांगत नाही. वाऱ्याचा पसारा, पाऊस, समुद्राचं उधाण, यातलं काहीही त्यात नसतं.

शिवाय तो शंकू सगळ्या शक्यता पोटात घेऊन बसलेला नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राची वर्तुळं अशी आखतात की मागच्या पाच वर्षांतल्या तीनपैकी दोन अंदाजांची चूक त्यात बसावी. तिसऱ्या खेपेला वादळाचं केंद्रच वर्तुळाच्या बाहेर पडतं. केंद्राची ही कथा, तर त्याच्या भोवती शे-दोनशे किलोमीटर पसरलेल्या वाऱ्यापावसाचं काय बोलावं! आपलं हवामान खातं २००९ पासून असा शंकू देतं आणि तोही मागच्या वर्षांच्या सरासरी चुकांवरूनच आखलेला असतो. अलीकडच्या वर्षांत खात्याचा चोवीस तासांपुढचा अंदाज सरासरी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास चुकतो. पूर्वीच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे. पण अलिबागहून श्रीवर्धन सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आतच आहे, हे ध्यानात घ्या. वादळ उद्या अलिबागला लागणार की श्रीवर्धनला, हे आदल्या दिवशी छातीठोकपणे सांगणं आजच्या विज्ञानाला जमत नाही. नकाशावरची बारीक रेषा मात्र ते सांगितल्यासारखी दिसते.

या रेषेपायी काय होतं ते फ्लोरिडात १३ ऑगस्ट २००४ ला दिसलं. 'चार्ली' नावाचं वादळ राज्याच्या पश्चिम किनाऱ्याकडे येत होतं आणि नकाशावरची काळी रेषा टँपाच्या उपसागराकडे गेली होती. सगळ्यांचं लक्ष टँपावर. वादळ ऐन वेळी उजवीकडे वळलं, भराभर जोर धरत गेलं आणि टँपाच्या बरंच दक्षिणेला, पुंटा गोर्डाजवळ ताशी २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांनिशी किनाऱ्यावर आदळलं. तिथली माणसं बेसावध सापडली. वास्तविक तो भाग शंकूच्या आत होता आणि किनाऱ्याच्या ज्या पट्ट्याला इशारा दिला होता त्यातही होता. त्या वर्षी फ्लोरिडाला लागोपाठ चार वादळांनी झोडपलं. मायामी विद्यापीठातले केनेथ ब्रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या हंगामात लोकांनी हे चित्र कसं वाचलं याचा धांडोळा घेऊन २००७ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. लोक मधल्या रेषेला चिकटले आणि भोवतीचा शंकू त्यांनी मनावर घेतला नाही, हे त्यातून पुढे आलं. चित्रात जे सर्वांत ठळक असतं त्यालाच डोळा सर्वांत खरं मानतो.

पुढची पायरी गाठली ती युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी. इयन रुगिन्स्की, लेस पॅडिला, सेरा क्रीम-रेगर ही मंडळी दृष्टी आणि आकलन यांचा अभ्यास करणारी. एकाच वादळाची माहिती त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने चितारली. कुठे शंकू, कुठे शंकू अधिक रेषा, कुठे फिकट होत जाणारा पट्टा, तर कुठे शंकू नाहीच, त्याऐवजी वादळ ज्या ज्या वाटांनी जाऊ शकतं त्या सगळ्या वाटांच्या अनेक रेषा. समुद्रात तेलविहिरीचा एक तळ दाखवायचा आणि विचारायचं, या तळाचं किती नुकसान होईल? माहिती तीच असल्यामुळे उत्तरं सारखी यायला हवी होती. ती आली नाहीत. शंकू बघणाऱ्यांपैकी अनेकांना वाटलं की वादळ पुढे जाताना मोठं होत जाणार आहे. रुंदावणारा आकार बघून डोळ्याने सरळ 'वाढ' वाचली. शंकूच्या कडेलाही लोकांनी कुंपण मानलं: आत धोका, बाहेर सुरक्षित.

अनेक रेषा बघणाऱ्यांची, वादळ मोठं होतंय असं समजण्याची चूक कमी झाली. मग शंकू टाकून रेषाच दाखवाव्यात की, असं आपल्याला वाटेल. संशोधकांनी तेही तपासून पाहिलं. २०१७ च्या त्यांच्या निबंधात आढळलं की एखादी रेषा नेमकी त्या तळावरून गेली तर लोक तिथलं नुकसान वाढवून सांगतात, आणि तळ दोन रेषांच्या मधे पडला तर धोका कमी समजतात. रेषा तर नमुन्यादाखल काढलेल्या होत्या. त्यातली एक कुठून गेली याला काही अर्थ नव्हता. तरी डोळ्याने तिला अर्थ दिला. मला या सगळ्या कामातली हीच गोष्ट मोलाची वाटते. या संशोधकांनी एक चित्र वाईट ठरवून दुसरं डोक्यावर घेतलं नाही. प्रत्येक चित्रात कोणती चूक घडते ते त्यांनी मोजलं आणि जसं दिसलं तसं मांडलं.

आता आपल्याकडे येऊ. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. आदल्या दोन दिवसांत टीव्हीवर बहुतेक चर्चा मुंबईचीच. मुंबई त्या मानाने हलक्यावर सुटली. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांत छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात राहिली. पोफळ लावल्यावर उत्पन्न हाती यायला काही वर्षं जातात, त्यामुळे वाडीवाल्यांचं नुकसान एका हंगामापुरतं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' आलं. त्याची रेषा गोव्यापासून मुंबईपर्यंत कुठेही किनाऱ्याला लागली नाही. केंद्र समुद्रातूनच उत्तरेला गेलं आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलं. रेषेवर विसंबणाऱ्याला वाटलं असतं की वादळ गुजरातचं आहे. प्रत्यक्षात गोव्यात आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत झाडं पडली, विजेचे खांब पडले, आंबा झडला. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेने ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदवला. मुंबई हायजवळ कामगार राहत असलेला तराफा बुडाला आणि त्यात अनेकांचे जीव गेले. रेषा समुद्रात होती, पण वारा आणि पाऊस जमिनीवर पोचलेले होते.

म्हणून पहिली विनंती. शंकूचं चित्र आलं की बोटाने आपलं गाव शोधण्याआधी चित्राच्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळ बघा. वादळ जोरात असताना हवामान खातं दर तीन तासांनी नवं पत्रक काढतं. कालचा नकाशा आज फिरत असतो आणि माणसं त्यावर निर्णय घेतात. जुना नकाशा पुढे पाठवू नका. वेळ कापून टाकलेलं चित्र तर अजिबात पाठवू नका, मग ते कुणाकडूनही आलेलं असो. वेळ बघून झाली की रेषेवर बोट ठेवून ती झाका आणि मग उरलेला शंकू बघा. गाव शंकूत असेल तर गाव रेषेपासून किती दूर आहे याचा हिशेब करत बसू नका, तयारीला लागा. शंकूच्या बाहेर पण शेजारी असेल, तरीही तयारी करा. शंकूवरून तुम्हाला फक्त केंद्राचा मार्ग कळेल. वारा, पाऊस, उधाण यांसाठी पत्रकातला मजकूर वाचायलाच हवा.

मजकूर वाचा, असं मी आवर्जून सांगतो याला आणखी एक कारण आहे. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुझन जॉस्लिन आणि त्यांचे सहकारी हवामानाच्या अंदाजावर प्रयोग करतात. उद्याचं कमाल तापमान अमुक अंशांपासून तमुक अंशांपर्यंत कुठेही असू शकेल, हे त्यांनी काहींना चित्रात दाखवलं, वर-खाली कंस घालून. काहींना तेच साध्या वाक्यात सांगितलं. चित्र पाहिलेल्या बऱ्याच जणांना वाटलं, वरचा आकडा दिवसाचं कमाल तापमान आणि खालचा रात्रीचं किमान. चित्रासोबत खुलासा ठळक छापूनही ही चूक गेली नाही. वाक्य वाचणाऱ्यांची ही चूक झाली नाही. चित्र नेहमी शब्दांपेक्षा लवकर समजतं, या आपल्या समजुतीला हा चांगलाच धक्का आहे. चित्र लवकर समजल्यासारखं वाटतं खरं. ते बरोबर समजलं का, हा वेगळा प्रश्न आहे.

पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांना दिल्या जाणाऱ्या रंगांचंही तेच. हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. 'रेड अलर्ट' हा शब्द आता शाळेतल्या पोरांच्या तोंडी आहे, कारण त्यावर सुट्टी ठरते. आपण हे रंग पावसाचं माप म्हणून वाचतो: पिवळा म्हणजे थोडा, नारंगी म्हणजे बराच, लाल म्हणजे धो-धो. हवामान खातं रंग देतं ते आपण काय करायचं हे सांगण्यासाठी. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, बातम्या बघत राहा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. पाऊस किती पडेल, पडण्याची शक्यता किती आणि त्याने काय बिघडेल, याचा एकत्र विचार करून रंग ठरतो. मापाचे शब्द वेगळे आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की खात्याच्या लेखी तो जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.५ पासून सर्वांत वरची पायरी. हे आकडे पाठ करायची गरज नाही. रंग आणि माप या दोन गोष्टी आहेत एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

दुसरी अडचण नकाशाच्या रंगवण्यातच आहे. जिल्हा एका रंगाने भरला की तो सगळीकडे सारखाच धोक्यात आहे, असं डोळ्याला वाटतं. पुणे जिल्ह्याचाच नकाशा डोळ्यांसमोर आणा. लोणावळ्याच्या बाजूचा घाटमाथा आणि बारामती-दौंडचा कोरडा पट्टा एकाच जिल्ह्यात येतात. घाटात दोनशे मिलिमीटर पडत असताना दौंडला ऊन असतं. म्हणून तर खातं घाटासाठी वेगळा इशाराही देतं, पण फिरणाऱ्या चित्रात ते उतरतंच असं नाही. मग दौंडचा माणूस म्हणतो, नारंगी सांगितलं आणि थेंब नाही पडला, यांचं काही खरं नसतं. पुढच्या खेपेला तो खरा इशाराही कानाआड करतो. यातून होणारं नुकसान मला एका चुकलेल्या अंदाजापेक्षा मोठं वाटतं.

इथे पत्रकातले शब्द कामाला येतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून जास्त, पाऊण भागापर्यंत. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे पाऊण भागाच्याही वर. आकाशवाणीवर हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते सहज बोलायचे शब्द आहेत असंच वाटायचं. त्या प्रत्येकामागे ठरलेलं माप आहे. तुरळक ठिकाणी अतिजोरदार पावसाचा इशारा असेल आणि तुमच्या गावात पाऊस पडला नाही, तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. तुमचं गाव त्या तुरळक ठिकाणांत आलं नाही, एवढंच.

हा गोंधळ आपल्यापुरता नाही. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंत्सर यांनी २००५ मध्ये ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत लोकांना विचारलं होतं: उद्या पावसाची शक्यता ३० टक्के, याचा अर्थ काय? कुणी म्हणालं, उद्या ३० टक्के वेळ पाऊस पडेल. कुणी म्हणालं, ३० टक्के भागात पडेल. अशा हवामानाच्या दहा दिवसांपैकी तिनांत पाऊस होतो, हा खरा अर्थ फक्त न्यूयॉर्कमध्ये बहुसंख्य लोकांनी सांगितला. तिथे टक्केवारीत अंदाज ऐकण्याची सवय जुनी आहे. अर्थ न सांगता दिलेला आकडा आणि अर्थ न सांगता दिलेला रंग, दोन्ही वाचणारा आपल्या मनाने भरून काढतो.

आपल्या किनाऱ्यावर मात्र एक जुनी पद्धत आहे जिचा अर्थ माणसं शिकून घेत आली. बंदरावर 'तीन नंबरचा बावटा' लागला की कोळीवाड्यात कुणाला समजवावं लागत नाही. वादळी वाऱ्याचा धोका या बंदरालाच आहे, होड्या आत घ्यायच्या. दिवसा खुणा, रात्री दिवे, आणि प्रत्येक क्रमांकाला ठरलेला एकच अर्थ. तो अर्थ बापाने मुलाला सांगितला, तांडेलाने खलाशाला सांगितला. शंकू आपल्याकडे आला तेव्हा असं सांगणारं कुणी सोबत आलं नाही. चित्र दिलं, वाचायला शिकवलं नाही.

म्हणून शाळेतल्या शिक्षकांना मुद्दाम सांगतो. भूगोलाच्या तासाला अरबी समुद्राच्या एखाद्या होऊन गेलेल्या वादळाचा शंकू फळ्यावर काढा. मुलांना आधी काहीच सांगू नका. तुमचं गाव कुठे आहे, तिथे काय होईल, वादळ मोठं होतंय की नाही, एवढंच विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. मग शंकू कसा तयार होतो ते वर्तुळं काढून दाखवा. प्रत्यक्षात वादळ कुठून गेलं ती वाट खडूने रेखा. एका तासात मुलं जे शिकतील ते ती घरी जाऊन सांगतील, आणि घरातली मोठी माणसं मुलांचं ऐकतात. मच्छीमार सोसायट्या, महिला बचत गट, ग्रामसभा यांनाही हे करता येईल. त्याला पैसा लागत नाही.

वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर चित्रं काढणाऱ्या मंडळींनाही हात जोडून सांगणं आहे. शंकूचं चित्र छापताना मधली रेषा भडक करू नका. शंकूच्या आत वाऱ्याचे भोवरे काढू नका, त्याने वादळ शंकूएवढं असल्याचा भास होतो. चित्राखाली एक वाक्य छापा: 'वादळाचं केंद्र या पट्ट्याबाहेरूनही जाऊ शकतं आणि वारा-पाऊस पट्ट्याबाहेरही होईल.' अमेरिकेच्या चक्रीवादळ केंद्राने २००२ पासून चालत आलेल्या शंकूच्या चित्रात बदल करून बघायला २०२४ मध्ये सुरुवात केली. किनाऱ्यापासून आत असलेल्या भागांना दिलेले इशारेही त्याच नकाशावर रंगाने दाखवायला घेतले. चित्र चुकीचं वाचलं जातं याची नोंद होत राहिली, म्हणून चित्र बदललं. आपल्याकडेही ते बदलू शकतं.

रंग निवडताना जपा, हेही सांगायला हवं. इंद्रधनुष्याचे सातही रंग ओतलेला नकाशा देखणा दिसतो, पण पिवळा कुठे संपला आणि हिरवा कुठे लागला तिथे डोळ्याला नसलेल्या सीमा दिसतात. हार्वर्ड विद्यापीठात मिशेल बॉर्किन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रांवर याची परीक्षा घेतली. इंद्रधनुषी रंगांतल्या त्रिमितीय चित्रांत बघणाऱ्यांना धोक्याच्या जागांपैकी ३९ टक्केच ओळखता आल्या. सपाट मांडणी आणि विचाराने निवडलेले रंग वापरल्यावर ९१ टक्के ओळखता आल्या. रुग्ण तेच, रक्तवाहिन्या त्याच. शिवाय काही माणसांना, विशेषतः पुरुषांना, लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. त्यांच्यासाठी रंगासोबत शब्दही छापला पाहिजे.

हे सगळं वाचल्यावर तुम्हाला वाटेल की आता आपली फसगत होणार नाही. तसं नसतं. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये स्तंभालेखांवर एक तपासणी प्रसिद्ध केली. स्तंभाचा तळ शून्यापासून न धरता मधूनच धरला की छोटा फरक मोठा दिसतो. ही युक्ती जाहिरातींत आणि निवडणुकीच्या दिवसांत आपण रोज बघतो. लोकांना ती आधी समजावून सांगितली, मग तसेच आलेख दाखवले. फसणं कमी झालं, पण थांबलं नाही. डोळा शहाणपणाच्या आधी काम करून मोकळा होतो. म्हणूनच ही गोष्ट एकदा समजून घेऊन भागत नाही. दर वेळी तारीख बघणं, रेषा झाकणं, मजकूर वाचणं हे हाताला वळण लागल्यासारखं व्हायला हवं.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची विनंती. वर सांगितलेले शंकूचे प्रयोग युटात झाले, आणि ते प्रामुख्याने तिथल्या विद्यार्थ्यांवर झाले. युटा समुद्रापासून कितीतरी आत, डोंगरांत आहे. जो मुलगा कधी वादळात सापडला नाही त्याने तो नकाशा बघून उत्तर दिलं. हर्णैच्या बंदरातली मासे विकणारी बाई, वेंगुर्ल्याचा रापणीवर जाणारा माणूस, वर्सोव्याचा तांडेल हे चित्र कसं वाचतो, हे त्या निबंधांत येणं शक्यच नव्हतं. मानसशास्त्राच्या अभ्यासांत जगातल्या थोड्या, सुखवस्तू, शिकलेल्या देशांतलीच माणसं भरून असतात, हे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये आकडे देऊन दाखवलं होतं. आपली माणसं आपल्या नकाशाकडे कशी बघतात हे आपल्याच विद्यापीठांनी शोधायला हवं. मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून संकल्पन म्हणजे डिझाइन शिकवणारी शाळा आहे, कोकणात कृषी विद्यापीठ आहे, गोव्यात विद्यापीठ आहे, हवामानाच्या संशोधनात पुण्याचं नाव मोठं आहे. तिथल्या मार्गदर्शकांनी असे विषय विद्यार्थ्यांना द्यावेत.

आणि असा एखादा विद्यार्थी हातात छापील नकाशे घेऊन तुमच्या दारात आला, तर त्याला ओटीवर बसवा, थोडा वेळ द्या. तो विचारेल, या चित्रावरून तुम्हाला काय कळलं? तेव्हा बरोबर उत्तर शोधू नका. आपण अडाणी ठरू म्हणून 'समजलं, समजलं' म्हणू नका. शिकलेल्या मुलाला किंवा नातवाला पुढे करू नका. तुम्हाला जे दिसलं तेच सांगा: 'मला वाटलं वादळ मोठं होतंय', 'मला वाटलं आमचं गाव सुटलं', 'मला हा रंग कळला नाही'. त्याला नेमकं हेच हवं असतं. तुमची परीक्षा नसते, त्या चित्राची असते. तुम्ही खरं सांगितलंत तर चित्रातलं कच्चं काय आहे ते त्याला दिसेल. तुम्ही भिडेपोटी मान डोलावलीत तर कच्चं चित्र पक्कं ठरून पुढच्या वादळात पुन्हा तुमच्याच मोबाईलवर येईल. मात्र आधी त्याचं ओळखपत्र आणि कुठल्या संस्थेतून आला हे विचारा. आधार क्रमांक, बँकेचा तपशील, मोबाईलवरचा ओटीपी कुणी मागितला तर देऊ नका. अशा अभ्यासाला यातलं काही लागत नाही. मधेच उठून जायचा तुमचा हक्क आहे.

अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन, पावसाळ्याच्या तोंडाशी एप्रिल ते जून आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. त्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बसवून जुन्या वादळाचा एक नकाशा काढा आणि प्रत्येकाला काय कळलं ते विचारा. चित्रावरून काही उमगत नसेल तर अंदाज बांधत बसू नका, फोन करून विचारा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, राज्याचा १०७०, आणि समुद्रात अडकलेल्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४.